अर्धा राहिलेला रथ : धारवाड, बदामी, इलकल – पाच दिवस

आमच्या घरी आजीची एक चंद्रकळा आहे. काळी इरकल, लाल काठ, लाल-पांढरा पदर, आणि पदराच्या अलीकडे काळ्यावर सगळं भरलेलं - तुळशी वृंदावन, अंबारीचा हत्ती, पोपट, मोर, आणि अगदी मधे एक मोठा रथ. या भरतकामाला धारवाडकडे कसुती म्हणतात. आजी मूळची धारवाडची, लग्न होऊन सांगलीला आली, ती ही साडी घेऊनच. आई दर संक्रांतीला ती बाहेर काढते, उन्हात नाही, सावलीतच पसरते, आणि दरवर्षी आम्ही दोघी त्या रथापाशी थांबतो कारण त्याचा वरचा भाग, म्हणजे शिखर आणि कळस, नुसत्या तुटक तुटक रेघांचा आहे. बाकी सगळं सलग रेघांनी भरलेलं आणि एवढंच तुटक. आम्ही लहानपणापासून हेच धरून चाललो होतो की तिथला दोरा झिजून पडला असणार.

यंदा संक्रांत झाल्यावर आईच म्हणाली की मावशीला भेटून येऊया, ती आता चौऱ्याऐंशीची झाली, आणि साडीपण नेऊया, कुणी नीट करून देतं का बघू. मावशी म्हणजे आजीची धाकटी बहीण, माझी मावशीआजी, अजून धारवाडलाच असते. मी म्हटलं जातोच आहोत तर ती इरकल जिथे विणतात तिथपर्यंत जाऊ. पाच दिवसांची सुट्टी टाकली आणि निघालो.

दिवस पहिला, शनिवार

पुण्याहून रात्रीची बस घेतली होती, कोल्हापूरला चहा, बेळगावला डोळा लागलेला, आणि धारवाडला उजाडताना उतरलो. जानेवारीतली धारवाडची थंडी फार छान असते, कोरडी, आणि रस्त्यावर मोठी मोठी झाडं. मावशीआजीचं घर मालमड्डीत. जुनं बैठं घर, मागे चाफा, पुढे पायरीवर रांगोळी. तिने दार उघडलं आणि आधी आईच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, मग माझ्या. तिला आता लांबचं बरं दिसतं पण जवळचं जवळजवळ काहीच दिसत नाही, त्यामुळे ती माणूस हातानेच बघते.

आमच्या या आजोळी सगळे घरात मराठी बोलतात आणि उंबरा ओलांडला की कन्नड. धारवाडमधे हे नवीन नाही, कन्नडचे एवढे मोठे कवी द. रा. बेंद्रे, ज्यांना १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं, तेही इथेच साधनकेरीला राहायचे आणि त्यांच्या घरची भाषा मराठी होती. संध्याकाळी साधनकेरीच्या तळ्यापर्यंत चालत गेलो तेव्हा आईने हे मला परत एकदा सांगितलं, ती दरवेळी सांगते आणि दरवेळी तेवढ्याच अभिमानाने सांगते.

पण मुख्य गोष्ट दुपारी झाली. मावशीआजीच्या दोन घरं पलीकडे एक अक्का राहतात, साठीच्या असतील, घरी बसून कसुतीची ऑर्डरची कामं करतात आणि मुलींना शिकवतातही. मावशीआजीने त्यांना बोलावलं होतं. अक्कांना मराठी समजतं, बोलतात थोडं थोडं. मी साडी उलगडली, रथ दाखवला, म्हटलं अक्का हा दोरा पडलाय, जुळवून देता येईल का. त्यांनी चष्मा वर सरकवला, साडी उलटी केली, मागून बघितलं, परत सुलट केली, आणि म्हणाल्या, "पडला नाही. घातलाच नाही. जाऊन आली, परत नाही आली."

मला काही कळेना. मग त्यांनी एका रुमालावर करून दाखवलं आणि त्या पाच मिनिटांत माझा इतक्या वर्षांचा समज गेला.

कसुतीत मुख्य टाका गवंती. गंटु म्हणजे गाठ, त्यावरून नाव, पण गंमत अशी की यात गाठ कुठेच मारायची नसते. सुई वर काढायची, चार धागे मोजून खाली घालायची, परत चार धागे मोजून वर, म्हणजे आपला साधा धावदोराच. रेघेच्या शेवटपर्यंत गेलं की सुलट बाजूला एक टाका एक मोकळी जागा असं दिसतं आणि उलट बाजूला बरोबर त्याच्या विरुद्ध. मग तिथून फिरायचं आणि त्याच भोकांतून परत यायचं, मोकळ्या जागा भरत. परत सुरुवातीला पोचलो की दोन्ही बाजूंना सलग रेघ, सुलट कुठली उलट कुठली सांगता येत नाही. म्हणजे आजीच्या रथाचं शिखर झिजलेलं नव्हतं. ती वरपर्यंत गेली होती आणि परतीचे टाके घालायचे राहिले होते.

आई बराच वेळ काही बोललीच नाही. मग मावशीआजीला विचारलं की का गं राहिलं. ती म्हणाली, "अगं लग्न माघात धरलं होतं, पण तिच्या आजेसासऱ्यांचं काही खरं नव्हतं म्हणून मार्गशीर्षातच उरकलं. साडी तश्शीच नेली तिनं. नेसली की निऱ्या-पदरात कुणाला दिसतंय." एवढं बोलून ती चहा टाकायला सांगायला आत गेली.

दिवस दुसरा, रविवार

सकाळी लाईन बझारात पेढ्याच्या रांगेत उभी राहिले, आईचा हट्ट, अर्धा तास लागला पण गरम पेढे मिळाले. मग दहाला अक्कांकडे. "बर्री, ओळग बर्री, कूड्री" म्हणत त्यांनी सतरंजी घातली, खिडकीपाशी, डाव्या हाताकडून उजेड येईल अशी. चार मुली आधीच बसलेल्या, दोघी कॉलेजच्या, एक लग्न ठरलेली, एक शेजारची सून.

अक्का कापडावर काही काढत नाहीत. पेन्सिल नाही, ट्रेसिंग नाही, ठसा नाही. धागे मोजायचे, बस. इथे धाग्याला एळी म्हणतात आणि सगळ्या मुली मान खाली घालून ओठांतल्या ओठांत एळी मोजत असतात, खोलीत तेवढाच आवाज. एक एळी चुकली तर तिथे काहीच दिसत नाही, पण पुढे वीस टाक्यांनी हत्तीची सोंड पायाला जुळत नाही, मग मागे उसवत यायचं. माझं तसंच झालं, वृंदावनाची तिसरी पायरी एका धाग्याने सरकली होती, अक्कांनी लांबूनच सांगितलं की काढ.

टाके चार. गवंती सांगितलाच. दुसरा मुर्गी, तोही जाऊन परत येणाराच पण पायऱ्यापायऱ्यांनी, तिरका वर चढत जातो, देवळाच्या शिखरांना आणि मोरांच्या पिसाऱ्यांना हाच. तिसरा नेयगी, नेयगे म्हणजे विणणं, लांब-आखूड धावदोरे घालून असं भरतात की मागावरच विणल्यासारखं वाटतं. चौथा मेंथी, म्हणजे आपली मेथी, फुल्यांचा टाका, मेथीचे दाणे पसरल्यासारखा दिसतो, पोट भरायला वापरतात, हत्तीचं, रथाच्या चाकाचं. मेंथी मात्र मागून सारखा दिसत नाही, ही त्याची जात. गवंती आणि मुर्गीच दोन्हीकडून एकसारखे.

मला सगळ्यात जास्त काय आवडलं ते सांगते. रथ म्हणजे नुसती एक रेघ नव्हे, त्याला मजले, खांब, झुली, झेंडे, चाकं, सगळ्या फांद्या फुटलेल्या. दोरा एकच. तर एका खांबावर चढायचं, तिथून झेंड्याला जायचं, झेंडा करून त्याच वाटेने खांबावर परत, मग पुढच्या मजल्याला. मधेच दुसरीकडे उडी मारली तर मागच्या बाजूला लांब दोरा लोंबतो आणि मग ती कसुती नाही. म्हणजे पहिली सुई घालायच्या आधी सगळी वाट डोक्यात तयार हवी, कुठून वर, कुठून वळायचं, कुठे परत. अक्का म्हणाल्या त्यांना हे कुणी शिकवलं नाही, आईच्या शेजारी बसून बघितलं, मग एकदा आईने सुई हातात दिली. कागदावर आलेख काढून शिकवणं हे त्यांनी स्वतः आता मुलींसाठी सुरू केलंय. हे बसल्या जागी करायचं केवढं गणित आहे आणि ते स्वयंपाक आटपून, पोराला मांडीवर निजवून केलेलं आहे. आपल्याकडे रुखवतात मांडलेल्या भरतकामाला "हौस" म्हणून सोडून देतात तेव्हा मला वाईट वाटतं. हौस होतीच, पण त्यामागे अक्कल केवढी होती.

काय काय भरायचं तेही सगळं घरातलं आणि दारातलं. तुळशी कट्टा, पाळणा, पालखी, नंदी, शंख, रुद्राक्ष, कमळ, तेर म्हणजे रथ, आने अंबारी म्हणजे अंबारीचा हत्ती. पदराजवळ मोठ्या आकृत्या आणि खाली अंगाकडे येताना लहान होत होत शेवटी नुसते ठिपक्यांसारखे बुट्टे. आणि फक्त साड्यांवर नाही, खणाच्या चोळ्यांवर, बाळाच्या कुंचीवर. अक्कांनी त्यांच्या मुलाची कुंची दाखवली, मागे पाठीवर येणाऱ्या भागावर दोन पोपट समोरासमोर, आणि मधे पाळणा. कुंची हा शब्द ऐकून आईला एकदम भरून आलं, आमच्या घरीसुद्धा होती, माझ्या वेळेपर्यंत जीर्ण झाली.

दुपारी चिगरी बसने हुबळीला गेलो, वीसेक किलोमीटर, वेगळी लेन असल्याने पटकन पोचतो. चिगरी म्हणजे हरीण. तिथे एका मोठ्या दुकानात "हॅन्ड कसुती" म्हणून एक साडी दाखवली, किंमत चांगली दणदणीत, मी आईला म्हटलं थांब, आणि साडी उलटी केली. मागे पांढऱ्या कागदासारखं अस्तर चिकटलेलं आणि दोऱ्यांचं जाळं, मशीनचं काम. दुकानदाराला विचारलं तर म्हणे आजकाल सगळं असंच असतं मॅडम. असं नसतं. मशीनचं विकायला काहीच हरकत नाही, पण मशीनचं म्हणून विका, जिने अडीच महिने डोळे फोडून एक पदर केला तिच्या कामाच्या नावावर विकू नका. ज्यांना घ्यायची असेल त्यांनी एवढं एकच करा, उलटी बाजू बघा.

त्याच दुकानात एक खरी हाताचीही होती, सिल्कवर. ती बघताना मात्र एक खटकलं, गोपुर बसकं वाटत होतं, कुणी वरून दाबल्यासारखं. अक्कांना रात्री विचारलं, त्या म्हणाल्या इलकलला जाताय ना, तिथे कळेल.

दिवस तिसरा, सोमवार

सकाळी सातला गाडी ठरवून बदामी. वाटेत ज्वारी उभी, काळी माती, मधेच सूर्यफुलं. बदामीची लेणी मी शाळेत असताना बघितली होती, तेव्हा काहीच कळलं नव्हतं. पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नटराज, तिसऱ्या लेण्यातला इ. स. ५७८ चा शिलालेख, हे सगळं शांतपणे बघितलं, लाल दगड सकाळच्या उन्हात अक्षरशः पेटल्यासारखा दिसतो. माकडांपासून मात्र पिशव्या सांभाळा.

धारवाडकडे सगळेच सांगतात की कसुती चालुक्यांच्या काळापासून आहे. मी काही इतिहासाची नाही आणि दगडावर टाके दिसत नाहीत. पण अगस्त्य तीर्थाच्या काठाला भूतनाथाचं देऊळ आहे, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं, त्याचं शिखर टप्प्याटप्प्याने आत येत वर जातं. आई पायरीवर बसली होती, ती एकदम म्हणाली, "हा बघ मुर्गी." खरंच, दोन धागे वर, दोन धागे आत, दोन वर, दोन आत. ज्या बायकांनी ही देवळं रोज बघितली, यात्रेला रथ ओढताना बघितला, त्यांनी तेच कापडावर आणलं असणार, याला मला शिलालेख नको.

दुपारी बनशंकरीला. पौष पौर्णिमेला रथ निघतो आणि मग जत्रा कितीतरी दिवस चालते, त्यामुळे आम्हाला ती भर जत्रा मिळाली, पाळणे, बांगड्या, आणि नाटक कंपन्यांचे मोठमोठे तंबू, रात्रभर नाटकं चालतात. बनशंकरी म्हणजे आपली शाकंभरी, महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची कुलदेवी, आमच्या आजीच्या माहेरचीसुद्धा. दर्शन झालं आणि हरिद्रातीर्थाच्या कडेला बसलो. तिथे आजूबाजूच्या गावांतल्या बायका टोपल्यांत जेवण घेऊन येतात, ज्वारीची पातळ भाकरी, भरलं वांगं, मोड आलेली मटकी, कारळ्याची चटणी, शेंगदाण्याची चटणी, वर घट्ट दही. हातावर घेऊन खायचं. पोटभर खाल्लं.

आणि या बायकांच्या अंगावर काय, तर इरकल. रोजची, धुऊन धुऊन मऊ झालेली, काठ तेवढा अजून घट्ट. एका म्हाताऱ्या अव्वाच्या चोळीच्या बाहीवर तीन बोटांएवढी कसुती होती, रंग उडालेली. मी बोट दाखवून विचारलं कुणी केली, ती दही वाढता वाढता छातीवर हात ठेवून म्हणाली "नानं" - मीच. परत दही वाढायला लागली.

मुक्काम बदामीलाच.

दिवस चौथा, मंगळवार

सकाळी गुळेदगुड्ड. खणाचं गाव. आपल्याकडे ज्याला सरळ खण म्हणतो, देवीची ओटी भरतो, परकर-पोलकी शिवतो आणि आता ज्याच्या पर्सेस, तोरणं, आकाशकंदील सगळं बनतं, तो इथला. अरुंद पन्ह्याचं कापड, चकाकी रेशमाची, घडी घालून त्रिकोण करून ठेवलेले गठ्ठे. एका घरात गेलो, सासू बॉबिन भरत होती, नवरा मागावर. फार वेळ थांबता आलं नाही. चार खण घेतले, त्यातला एक अक्कांसाठी.

वाटेत अमीनगडला करदंटू घेतला, डिंक-गूळ-सुकामेव्याचा, थंडीत यापेक्षा चांगलं काही नाही. दुपारी इलकल.

आपण इरकल म्हणतो, गावाचं नाव इलकल. रस्त्याने जाताना घराघरातून मागाचा आवाज येतो, पण बऱ्याच ठिकाणी तो यंत्रमागाचा खडखडाट असतो, हातमागाचा ठक-ठक आवाज वेगळा, विचारत विचारत शोधावा लागला. शेवटी एका अरुंद गल्लीत एक काका भेटले, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, खड्डामाग. त्यांच्या पत्नी शेजारी ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, जोडत होत्या, आणि तो प्रकार मी आधी कधी बघितला नव्हता. इरकलचा अंगाचा ताणा वेगळा, पदराचा ताणा वेगळा, आणि हे दोन ताणे एकेका धाग्याच्या फासात फास अडकवून जोडतात. याला तोप तेनी म्हणतात. म्हणून इरकलचा पदर वेगळ्या रंगाचा असूनही एकसंध असतो, शिवलेला नसतो. याचा अर्थ असा की दर साडीला नवा ताणा, नवी जोडणी. त्या काकूंची बोटं इतकी भरभर चालत होती की मी व्हिडिओ काढला तरी नंतर बघताना नीट कळत नाही. पदरावर लाल आणि पांढऱ्याचे पट्टे, आणि जिथे ते भेटतात तिथे दाते, कुठे फणीसारखे, कुठे किल्ल्याच्या तटासारखे, कुठे ज्वारीच्या कणसासारखे. प्रत्येकाला नाव आहे.

मी आजीची साडी काढली. काकांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि मग हात लावला. काठ बघून म्हणाले गोमी. काठावर आडव्या बारीक रेघा असतात, गोमेच्या पायांसारख्या. अंग सुती, काठ रेशमी, पदर रेशमी. मग त्यांनी कापड उजेडासमोर धरलं आणि मला जवळ बोलावलं. उभे धागे आणि आडवे धागे यांच्या मधून उजेडाचे बारीक चौकोन दिसत होते. चौकोन, अगदी चौरस. मग त्यांनी बाजूची एक यंत्रमागाची साडी तशीच धरली, त्यात ते चौकोन नव्हते, आडवे धागे दाबून बसलेले, आणि धागेही इतके बारीक की मोजणार कोण.

तेव्हा मला हुबळीचं ते बसकं गोपुर कळलं. कसुती करणारी डोळ्याने लांबी मोजत नाही, ती धागे मोजते. वर चार, आडवे चार. कापडात उभे-आडवे धागे सारखे असतील तरच तिचा चौकोन चौकोन येतो, आडवे धागे दाटीने ठोकलेले असतील तर चार धाग्यांची उंची कमी भरते आणि देऊळ बसतं, बाईचा काही दोष नसतो. ज्या कापडाचे धागे मोजताच येत नाहीत, त्यावर आता वरून जाळीची कॅनव्हास टाचतात, तिच्या भोकांवर टाके घेतात आणि काम झालं की कॅनव्हासचा एकेक धागा ओढून काढतात. अक्कापण ऑर्डरसाठी करतात तसं, पोट आहे, आणि तेही कष्टाचंच काम आहे. पण मूळची कसुती आणि हातमाग हे एकमेकांना धरून आहेत. इलकलच्या त्या खड्ड्यात बसलेल्या माणसाचा हात सारखा पडला म्हणून सत्तराहून जास्त वर्षांपूर्वी धारवाडच्या एका मुलीचा रथ ताठ उभा राहिला. दोघांनी एकमेकांना कधी बघितलंही नसेल.

काकांकडून एक काळी साडी घेतली, हातमागाची. त्यांनी सांगितलेलीच किंमत दिली. त्यांची मुलं बेंगळुरूला आहेत, मागावर कुणी बसणार नाही असं ते म्हणाले, आणि काकू तेव्हाही फास अडकवतच होत्या.

रात्री उशिरा धारवाडला परत आलो, खूप लांब पडतं, कुणी जाणार असाल तर इलकललाच मुक्काम करा.

दिवस पाचवा, बुधवार

आज रात्री दहाची बस. सकाळी उठल्या उठल्या अक्कांकडे. दोरा जुळवायला त्यांनी रेशमाचा डबा काढला, आजीचा मूळ रंग केशरी, पण तो आता उतरून भगवा-पिवळसर झालाय, दारात उजेडात धरून धरून तीन छटांमधली एक काढली. माझी इच्छा होती की अक्कांनीच करावं. त्या म्हणाल्या मी करणार नाही, तुमच्या घरचं आहे, तू कर, मी बघते. रिंग लावू नको, कापड जुनं आहे, फाटेल. सुई बोथट घे, धाग्याच्या मधून गेली पाहिजे, धाग्यातून नाही.

मावशीआजी काठी टेकत आली आणि शेजारी खुर्चीवर बसली. साडी तिच्या मांडीवर पसरली होती, मी खाली. ती सहज उलट्या बाजूवरून हात फिरवत होती. रथ, हत्ती, मग डावीकडचे पोपट. पोपटांवर तिचं बोट थांबलं, परत मागे आलं. मग म्हणाली, "हे माझे."

आई म्हणाली काय माझे.

"हे राघू मी घातलेत. अकरा वर्षांची होते. तुझी आई, आमची अक्का, रथ करत बसली होती आणि मी भुणभुण लावली मलाही दे, मलाही दे. तिनं कोपरा दिला. हे बघ, इथं गाठ मारलीये मी." आणि खरंच, मी वाकून बघितलं, सगळ्या साडीच्या मागच्या बाजूला जी एकही गाठ नाही तिथे त्या दोन पोपटांच्या शेपटीपाशी तीळाएवढी एक गाठ. एका पोपटापासून दुसऱ्याकडे एक लांब उडीही मारलेली. इतकी वर्षं ती साडी आमच्या घरात आहे, मी शंभरदा बघितलीये, पण सुलट. त्यात दोघी बहिणी आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं. आई रडली. मावशीआजी नाही रडली, ती बोटाने परत परत ती गाठ चाचपत हसत होती, म्हणाली आमच्या अक्कानं बघितली असती तर उसवायला लावली असती, लग्नाच्या गडबडीत राहिली.

मग मी शिखराला सुई लावली. कळसाच्या टोकापासून खाली यायचं होतं. गाठ न मारता दोऱ्याचं टोक दोन बोटं मागे सोडलं आणि पुढच्या टाक्यांखाली दाबत नेलं, अक्कांनी दाखवलं तसं. आजीची भोकं अजून आहेत, दोन टाक्यांच्या मधली जागा बघितली की काळ्यात बारीक डोळा दिसतो, सुई तिथेच जाते. तरी भीती वाटत होती म्हणून मी मोजत होते. मी मराठीत मोजतेय हे बघून मावशीआजी म्हणाली असं नाही, आम्हाला शेजारच्या अज्जीनं शिकवलं, ती कन्नड, आम्ही तिच्यासारखंच मोजायचो. आणि डोळे मिटून ती मोजायला लागली, ओंदु, एरडु, मूरु, नाकु. ओंदु, एरडु, मूरु, नाकु. मी तिच्या मोजण्यावर सुई घालत होते. एकदा ती थांबली आणि म्हणाली वळ आता, झेंडा आला. तिला दिसत नव्हतं, तिच्या डोक्यात वाट होती.

साडेबारापर्यंत कळस आणि उजवीकडचा झेंडा झाला. जेवून परत बसलो, चारला उजेड गेला तोपर्यंत वरचा मजला. उलटं करून बघितलं, माझे टाके आणि आजीचे टाके रंगाने ओळखू येतात, माझे थोडे गडद. अक्का म्हणाल्या दोन-चार वर्षांत उतरेल.

अजून दोन मजले आणि डावा झेंडा राहिलाय. अक्कांनी त्याच केशरी रेशमाची लडी कागदात गुंडाळून दिली, पैसे घेतले नाहीत, मग मी तो गुळेदगुड्डचा खण दिला. मावशीआजीने निघताना विचारलं गाठ काढणार का गं तू माझी. मी म्हटलं नाही.

बस सव्वादहाला आली. साडी आईने मांडीवरच घेतली, वर टाकली नाही.